मध्यस्थाच्या खोलीत खरे किती बोलावे लागते?

दिवाणी दावा चार-सहा वर्षे पडून असला की एखाद्या तारखेला न्यायाधीश विचारतात, "मीडिएशनला पाठवू का? मिटतंय का बघा." वकील मान डोलावतात, पक्षकार वकिलाच्या तोंडाकडे बघतो आणि प्रकरण मध्यस्थी केंद्रात जाते. तिथे नक्की काय होणार याची बहुतेकांना कल्पना नसते. कुणाला वाटते, हे धाकटे कोर्ट; तिथलेही साहेब ऐकून घेतील आणि निकाल देतील. कुणाला वाटते, मांडवली करायला बोलावलेय, चला, किती सोडायचे ते ठरवून जाऊ.

निकाल तिथे लागत नाही. लवादाने दिलेला निवाडा दोघांनाही बांधतो. मध्यस्थ निवाडाच देत नाही. तो साक्षीदार बोलावत नाही, पुरावा नोंदवत नाही, कोण खरे आणि कोण खोटे हे ठरवत नाही. २०२३ च्या मध्यस्थी कायद्यात त्याचे काम लिहिले आहे ते एवढेच: मुद्दे ओळखायला मदत करायची, एकाचे म्हणणे दुसऱ्याला (पहिल्याने परवानगी दिली तेवढेच) पोचवायचे, पर्याय सुचू द्यायचे, आणि निर्णयाची जबाबदारी पक्षकारांचीच आहे हे त्यांना बजावत राहायचे.

म्हणजे हातात अधिकार शून्य, पण दोन्हीकडची गुपिते मात्र याच एका माणसाच्या पोटात. मध्यस्थीतली सगळी आचारसंहिता या विचित्र परिस्थितीतून आली आहे. न्यायाधीश चुकला तर वरचे कोर्ट आहे. मध्यस्थाने एकाला चुचकारून, दुसऱ्याला घाबरवून सही घेतली, तर ते बंद खोलीत घडलेले असते आणि कागदावर दोघांची 'राजीखुशी' असते.

आपल्याकडे मध्यस्थी म्हटले की कृष्णशिष्टाईचे उदाहरण हटकून येते. पण कृष्ण हस्तिनापुरात गेला तो पांडवांचा दूत म्हणून. पाच गावांचा प्रस्ताव पांडवांचा होता, आणि बोलणी फिसकटल्यावर तो त्यांच्याच बाजूने रथावर बसला. आजचा कायदा असा प्रकार सहजी चालू देत नाही: ज्या वादात मध्यस्थी केली त्याच वादात पुढे एका बाजूचा वकील किंवा प्रतिनिधी व्हायचे असेल, तर दोन्ही पक्षांची संमती लागते. दुर्योधनाने ती दिली असती असे वाटत नाही.

तालुक्याच्या गावात तटस्थ माणूस कुठून आणायचा?

तटस्थपणाचा नियम वाचायला सोपा आहे. मध्यस्थाचा पैशाचा, नात्याचा, व्यवसायाचा कुठलाही संबंध एखाद्या पक्षकाराशी असेल, तर त्याने तो आधीच लेखी सांगायचा. आता एखाद्या तालुक्याच्या ठिकाणी हे लावून बघा. मध्यस्थ म्हणून काम करणारे पाच-सात ज्येष्ठ वकील. त्यातल्या एकाने प्रतिवादीच्या चुलत भावाची केस कधीतरी चालवलेली, दुसऱ्याची सून वादीच्या शाळेत शिक्षिका, तिसरा दोघांच्याही घरच्या लग्नाला जेवून आलेला. संबंध नसलेला माणूस शोधायचा म्हटले तर जिल्ह्याबाहेर जावे लागेल.

म्हणूनच कायद्याचा भर संबंध उघड करण्यावर आहे. मध्यस्थाने सांगायचे, "यांच्या भावाचे वकीलपत्र माझ्याकडे होते, ते प्रकरण संपले." ऐकून दोघे म्हणाले, हरकत नाही, तर काम पुढे जाते. हरकत असेल तर दुसरा मध्यस्थ. घात होतो तो तिसऱ्या बैठकीत हे बाहेरून कळते तेव्हा. संबंध किरकोळ असला तरी लपवला होता एवढ्यावर विश्वास उडतो, आणि मध्यस्थाजवळ दुसरे भांडवलच नसते.

अयोध्येच्या वादात हा प्रश्न देशभर चर्चेला आला होता. ८ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती कलिफुल्ला, श्री श्री रविशंकर आणि ज्येष्ठ वकील श्रीराम पंचू यांची समिती नेमली. बैठका फैजाबादला, कामकाज गोपनीय, वार्तांकन नको अशी सूचना. रविशंकर यांनी या वादावर आधी जाहीर मते मांडली होती, त्यामुळे त्यांच्या नावावर आक्षेप आले. मध्यस्थी यशस्वी झाली नाही, ६ ऑगस्टपासून रोजची सुनावणी सुरू झाली आणि नोव्हेंबरात निकाल लागला. ती मध्यस्थी फसली ती या एका नावामुळे, असे म्हणायला आधार नाही. एवढ्या जुन्या वादात कारणे ढीगभर. पण मध्यस्थाचे मन कसे आहे हे कुणी तपासू शकत नाही, त्याने आधी काय बोलून ठेवले ते मात्र सगळे वाचतात, हे त्या प्रकरणात दिसले.

पैशाचेही बघायला हवे. अमेरिकेतल्या तीन मोठ्या संस्थांनी १९९४ मध्ये मध्यस्थांसाठी आदर्श आचारनियम केले आणि २००५ मध्ये सुधारले. त्यात स्पष्ट आहे की मध्यस्थाची फी निकालावर किंवा तडजोडीच्या रकमेवर अवलंबून नसावी. मिटले तर इतके, नाही मिटले तर कमी, असे ठरले की मध्यस्थाला स्वतःलाच सही हवीशी वाटू लागते. आपल्याकडे मात्र कोर्टाशी जोडलेल्या मध्यस्थीत मिटलेल्या प्रकरणाला जास्त मानधन देण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. हेतू प्रोत्साहनाचा असेल, रक्कमही फार नसते. तरी मला ही पद्धत पटत नाही. त्यातून १ जुलै २०२५ पासून ९० दिवसांची देशव्यापी मध्यस्थी मोहीम झाली तशा मोहिमा आल्या की 'किती मिटली' हाच आकडा सगळे विचारतात.

महाराष्ट्राला हे नवे नाही. १५ ऑगस्ट २००७ ला आर. आर. पाटील गृहमंत्री असताना महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. गावातले तंटे गावात मिटवा, तंटामुक्त झालेल्या गावाला बक्षीस. बांधाची, रस्त्याची, पाण्याच्या पाळीची किती तरी भांडणे त्यातून खरोखर मिटली. पण बक्षिसाकडे डोळे लावून बसलेल्या गावासमोर एखाद्या विधवेला "मला हे मान्य नाही, मी कोर्टात जाणार" म्हणायचे असेल, तर तिला किती धीर लागेल? स्वेच्छा हा मध्यस्थीचा पाया, आणि तो भावकीच्या दबावाखाली सगळ्यात आधी खचतो.

बहीण म्हणते, मला काही नको

एक प्रकरण कल्पून बघू. चाकणजवळ ३ एकर वडिलोपार्जित जमीन. आईवडील गेलेले. दोन भाऊ आणि एक बहीण. धाकट्याने वाटणीचा दावा लावला, बहीण प्रतिवादी म्हणून आली, प्रकरण मध्यस्थीला गेले. पहिल्याच बैठकीत बहीण म्हणते, "मला काही नको. यांचं मिटू दे, माझं माहेर तुटायला नको." थोरल्याचा वकील लगेच हक्कसोडपत्राचा मसुदा पुढे करतो.

मध्यस्थाला कायदा ठाऊक आहे. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क मिळाला, आणि वडील त्या दुरुस्तीच्या दिवशी हयात होते की नाही याने फरक पडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा प्रकरणात स्पष्ट केले. म्हणजे ही बाई जवळपास एक एकर सोडतेय. तिला हे माहीत आहे का?

इथे मध्यस्थांमध्ये दोन तट पडतात. एक म्हणतो, मी तटस्थ. तिला तिचा हक्क सांगितला तर मी तिची बाजू घेतल्यासारखे होईल. दुसरा म्हणतो, माहिती नसताना दिलेली संमती ही संमतीच नव्हे. मी दुसऱ्याच्या बाजूचा. गप्प बसण्याचा फायदा कुणाला होतोय हे उघड दिसत असताना गप्प बसणे, याला तटस्थपणा म्हणवत नाही. अर्थात मध्यस्थाने "ताई, सही करू नका" असेही म्हणायचे नाही. तो सल्ला झाला, आणि सल्ला देणे वकिलाचे काम. त्याने बैठक थांबवायची आणि म्हणायचे, "सही करण्याआधी तुम्ही तुमच्या स्वतःच्या वकिलाशी बोला. भावाच्या नको, तुमच्या." वकिलाचा खर्च परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे जाता येते, स्त्रियांना ही मदत उत्पन्नाची अट न लावता मोफत मिळते. वकिलाशी बोलून आल्यावरही ती म्हणाली, मला काही नको, तर तो तिचा निर्णय. माहेर टिकवण्याची किंमत तिने मोजायची की नाही, हे ठरवणारा मध्यस्थ कोण?

आता प्रकरण थोडे पुढे नेऊ. मध्यस्थ दोघा भावांना वेगवेगळे बसवून बोलतो. अशा स्वतंत्र बैठकीत सांगितलेले, परवानगी नसेल तर, दुसऱ्याच्या कानावर जात नाही. टेबलावर बोलणी चालू आहेत ती थोरल्याने धाकट्याचा हिस्सा गुंठ्याला ३ लाखांनी विकत घ्यावा अशी. एकट्यात थोरला सांगून टाकतो, "साहेब, तुमच्यापुरतं सांगतो, मी साडेतीनपर्यंत जाईन." हे ठीक. हात राखून बोलणे हा सौद्याचा भाग आहे, त्यात खोटेपणा नाही. धाकटाही पाच मागून चारवर यायच्या तयारीनेच बसलेला असणार.

पण थोरला पुढे म्हणतो, "एका बिल्डरकडून गुंठ्याला ५ लाखांनी इसार घेतलाय. धाकट्याला नका सांगू."

एक एकर म्हणजे ४० गुंठे. गुंठ्याला २ लाखांचा फरक, म्हणजे धाकटा ८० लाख गमावतोय. मध्यस्थाने काय करायचे? सांगितले तर विश्वासघात, आणि उद्या त्याच्याकडे कुणी मन मोकळे करणार नाही. दुसऱ्या दिवशी संयुक्त बैठकीत धाकटा सरळ विचारतो, "दादा, बाहेर कुणाशी बोलणं चाललंय का जमिनीचं?" आणि दादा म्हणतो, "छे, कुणाशीच नाही." त्या क्षणापासून मध्यस्थ नुसता ऐकणारा राहत नाही. हे ऐकूनही त्याने तडजोडपत्र पुढे रेटले, तर एका फसवणुकीला त्याचा हात लागला.

वाट एकच उरते, आणि ती तशी अरुंद आहे. थोरल्याला पुन्हा एकट्यात बसवायचे. "तुमचा आकडा तुमच्यापाशी ठेवा. पण विचारलेल्या गोष्टीला खोटं उत्तर दिलंत. ते तुम्ही दुरुस्त करा, नाही तर मी थांबतो." सोबत व्यवहाराची बाजूही दाखवायची: नव्या कायद्यात फसवणूक हे तडजोड आव्हानित करण्याचे एक कारण आहे, त्यासाठी ९० दिवस आणि सबळ कारण असेल तर आणखी ९० दिवस मिळतात; इसारपावती आज ना उद्या बाहेर येणार, आणि मग आज मिटलेले भांडण दुपटीने उभे राहणार. बहुतेक माणसे नीतीपेक्षा या हिशेबाने लवकर वळतात, आणि त्यात वाईट काही नाही. नाहीच वळला तर मध्यस्थाने कारण न देता मध्यस्थी संपवायची. धाकट्याला का ते कळणार नाही. हे मनाला लागते, पण याहून जास्त बोलण्याची मुभा त्याला नाही.

जाता जाता: 'या मिळकतीबाबत कोणत्याही त्रयस्थाशी करार, बोली अथवा इसार झालेला नाही' हे वाक्य जमिनीच्या प्रत्येक तडजोडपत्रात असावे. मध्यस्थाला गुपित माहीत असो वा नसो. खोटे बोलायला तोंड धजावते, सही करायला हात कचरतो.

सद्भावना सक्तीची, पण मोजायची कशी?

ठरावीक रकमेवरच्या व्यापारी वादांत तातडीचा दिलासा मागायचा नसेल तर आधी मध्यस्थी आणि मग दावा, अशी सक्ती आहे. व्यापारी न्यायालय कायद्यात २०१८ मध्ये आलेले ते कलम बंधनकारकच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये पाटील ऑटोमेशन प्रकरणात सांगितले. त्यासाठीच्या २०१८ च्या नियमांत एक नियम आहे: पक्षकारांनी वाद मिटवण्याच्या इराद्याने, सद्भावनेने भाग घ्यावा. छान. नाही घेतला तर? तो नियम त्यावर गप्प आहे. समोरचा आलाच नाही तर 'नॉन-स्टार्टर' असा अहवाल निघतो आणि वादी कोर्टात जायला मोकळा. न येणाऱ्याला वेळ मिळतो, येणाऱ्याचे महिने जातात. त्यामुळे काही वकील ही पायरी शिक्का मिळवण्यापुरतीच चढतात.

मग मध्यस्थानेच कोर्टाला का कळवू नये की अमुक माणूस टाळाटाळ करत होता? उत्तर सर्वोच्च न्यायालयाच्या मोतीराम विरुद्ध अशोक कुमार या प्रकरणात आहे. त्यात मध्यस्थाने, कुणी काय प्रस्ताव दिला हे कोर्टाला लिहून पाठवले होते. न्यायालय म्हणाले, असे करायचे नाही. मिटले तर सह्या झालेला करार पाठवा. नाही मिटले तर 'मध्यस्थी यशस्वी झाली नाही' एवढे एकच वाक्य.

अमेरिकेत हाच पेच जास्त ठळकपणे आला. कॅलिफोर्नियातल्या कल्व्हर सिटीत एका गृहसंकुलाच्या बांधकामातल्या दोषांवरून रहिवाशांच्या संघटनेने ब्रॅमली या विकासक कंपनीवर दावा लावला होता. १९९७ मध्ये मध्यस्थी ठेवली गेली. रहिवाशांचा वकील नऊ तज्ज्ञ घेऊन आला. कंपनीचा वकील अर्धा तास उशिरा आला, सोबत एकही तज्ज्ञ नाही. मध्यस्थ हे निवृत्त न्यायाधीश; त्यांनी वैतागून कोर्टाला अहवाल दिला की हा माणूस मध्यस्थी उधळायलाच आला होता. खालच्या कोर्टाने दंड म्हणून खर्च बसवला. २००१ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश टिकू दिला नाही: मध्यस्थीत काय घडले याचा असा अहवाल मध्यस्थाने देणे कायद्यात बसत नाही, मग समोरचा कितीही वाईट वागलेला असो.

रहिवाशांच्या जागी बसून बघितले तर संताप येतो. पण दुसरी शक्यता धरून बघा. आपण जे बोलू, जितके ताणू, त्यावर मध्यस्थ शेरा मारणार आणि तो न्यायाधीश वाचणार, हे माहीत असताना त्या खोलीत मनातले कोण बोलेल? माफी मागायची झाली तरी माणूस आधी वकिलाला विचारेल. म्हणून कायदा कबुली, प्रस्ताव, मत, अगदी माफीसुद्धा गोपनीयतेच्या पांघरुणाखाली घेतो, आणि ध्वनिमुद्रण-चित्रीकरणाला बंदी करतो. घरगुती हिंसा, मुलांचा छळ, गुन्ह्याची धमकी अशा गोष्टींना मात्र हे पांघरूण नाही. इंग्लंडमध्ये २००८ च्या एका खटल्यात मध्यस्थीतल्या अवाजवी मागण्यांची किंमत एका बाजूला खर्चाच्या आदेशात मोजावी लागली, पण तिथे दोन्ही पक्षांनी आपणहून गोपनीयता सोडून दिली होती.

गुप्तता आणि सद्भावनेची सक्ती, दोन्ही पूर्णपणे मिळत नाहीत. बहुतेक व्यवस्थांनी गुप्ततेला झुकते माप दिले आहे, आणि माझ्या मते ते बरोबर आहे. सक्ती करायचीच तर ती मनाची करू नये, बाहेरून दिसणाऱ्या गोष्टींची करावी: ठरल्या वेळी आला का, सही करायचा अधिकार असलेला माणूस आला का, कबूल केलेले कागद आणले का. कंपनीकडून वा बँकेकडून असा अधिकारी येतो, ज्याला पाच हजारांची सूट द्यायची तरी 'वरून विचारून सांगतो' म्हणावे लागते. तो दोन तास सभ्यपणे बसतो, चहा पिऊन जातो. सद्भावना कुठे मोडली हे दाखवता येत नाही, पण बैठक फुकट गेलेली असते. याउलट, एखादा म्हातारा शेतकरी पहिल्या मिनिटापासून आवाज चढवून बोलतो, आकडा सोडत नाही, दोनदा उठून दारापर्यंत जातो. तो सद्भावनेने वागत नाही असे म्हणू नका. त्याला मिटवायचे नसते तर तो दारापर्यंत जाऊन परत आला नसता.

हा सगळा कायदा अजून बसतो आहे. मध्यस्थी कायदा सप्टेंबर २०२३ मध्ये झाला, पण सगळी कलमे एकदम लागू झाली नाहीत. पहिला टप्पा ९ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाला. मध्यस्थांच्या व्यावसायिक वर्तनाचे निकष ठरवण्याचे काम त्या कायद्याने भारतीय मध्यस्थी परिषदेवर टाकले आहे. तेव्हा आपल्या प्रकरणाला कोणते कलम, कोणते नियम लागू आहेत हे वकिलाला विचारून घ्यावे.

मध्यस्थालाही विचारायला लाजू नये. समोरच्या पार्टीशी, त्यांच्या वकिलाशी तुमचा काही संबंध? फी किती, कोण किती देणार, आणि मिटले तर ती वाढते का? एकट्यात सांगितलेले कुठवर जाईल? मसुदा घरी नेऊन वाचायला किती दिवस मिळतील? शेवटच्या प्रश्नाला "आजच सही करा, उद्या समोरचा फिरेल" असे उत्तर आले, तर मसुद्याची प्रत मागून घ्या आणि पुढची तारीख ठरवा.